छोट्या रिअल इस्टेट धंद्यात टिकाऊ मूल्यं कशी आणायची, सुरुवात घराच्या वहीपासून

टिकाऊपणा, सस्टेनेबिलिटी, ग्रीन वगैरे शब्द आले की छोट्या रिअल इस्टेट ऑफिसवाल्याला वाटतं हे मोठ्या डेव्हलपर लोकांचं काम, आपण तीन-चार जण, एक ऑफिस, काही मालकांचे फ्लॅट भाड्याने द्यायचे, वर्षभरात थोडी रिसेल करायची, आपल्या हातात काय आहे? मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. पण जगभरात ऊर्जेतून आणि सिमेंट-स्टीलसारखा माल बनवताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो त्यातला साधारण एक तृतीयांश इमारती बांधण्यातून आणि वापरण्यातून येतो, आणि आज उभ्या असलेल्या इमारतींपैकी बहुतेक अजून कितीतरी वर्षं तशाच वापरात राहणार आहेत. म्हणजे नवीन चकाचक ग्रीन टॉवर किती बांधले यापेक्षा जुनी घरं कशी वापरली जातात, कशी दुरुस्त होतात, कोणाला काय सांगून दिली जातात हे जास्त महत्त्वाचं, आणि ते रोज आपल्यासारख्यांच्याच हातून जातं.

माझ्याकडून एकदा चूक झाली ती सांगतो. वरच्या मजल्याचा एक फ्लॅट एका कुटुंबाला विकला, सौदा थंडीत झाला. तो फ्लॅट उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो हे मला माहीत होतं, आधीचा भाडेकरू त्याच कारणाने सोडून गेला होता, पण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना प्रत्येक खोलीत एसी लावावा लागला आणि विजेचं बिल त्यांच्या अंदाजाच्या कितीतरी वर गेलं. भांडायला कोणी आलं नाही, फक्त त्या घरातून आणि त्यांच्या ओळखीतून परत कधी फोन आला नाही. तेव्हापासून मी एक गोष्ट सुरू केली आणि आता जे काही सांगणार आहे ते सगळं त्यातूनच आलंय.

प्रत्येक घराची वही

आपल्याकडे आलेल्या प्रत्येक प्रॉपर्टीची एक वही करायची. साधी वही चालेल, एक्सेल चालेल, फोनमधला फोल्डर चालेल. त्यात मालकाचं नाव, एरिया, किंमत हे तर असतंच, पण खरी वही त्याच्या पुढे सुरू होते.

सगळ्यात आधी मालकाकडून मागच्या १२ महिन्यांची वीज, गॅस आणि पाण्याची बिलं मागायची. १२ च का, तर एका महिन्याच्या बिलावरून काहीच कळत नाही, उन्हाळा-थंडी दोन्ही त्यात यायला पाहिजेत. वर्षभराची एकूण युनिट्स काढा आणि घराच्या चौरस मीटरने भागा, की दोन वेगवेगळ्या साइजची घरं शेजारी ठेवून बघता येतात. सोबत किती माणसं राहत होती आणि दिवसा घरी कोण असायचं तेही लिहा, नाहीतर एकटा दिवसभर बाहेर असणारा माणूस आणि पाच जणांचं कुटुंब यांची बिलं तुलनेत घेऊन तुम्ही चुकीचाच निष्कर्ष काढाल. काही मालक बिलं द्यायला कां-कूं करतात, त्यांना सांगायचं की बिल चांगलं असेल तर तेच तुमचं घर विकायला मदत करेल, आणि वाईट असेल तर का वाईट आहे ते आपण शोधू, बरेचदा कारण छोटंच निघतं.

मग घर बघायला एकदाच जायचं नाही. मी तीनदा जातो, एकदा भर दुपारी, एकदा संध्याकाळी आणि जमलं तर पाऊस चालू असताना. दुपारी कळतं छत किती तापतं, वरच्या मजल्यावर हात वर करून स्लॅबची धग जाणवते अक्षरशः. संध्याकाळी कळतं पश्चिमेच्या खिडकीतून ऊन कुठपर्यंत आत येतं. इथे एक गोष्ट समजून घ्या, पूर्व-पश्चिमेचं ऊन खालून तिरपं येतं त्यामुळे वरचा छोटा छज्जा त्याला अडवू शकत नाही, पण उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या खिडकीवर उन्हाळ्यातला सूर्य बराच वरून येतो आणि साध्या छज्ज्याने अडतो, दक्षिण गोलार्धात हेच उत्तरेच्या खिडकीचं. म्हणून नुसतं ‘भरपूर सूर्यप्रकाश’ लिहून काही अर्थ नाही, कोणत्या दिशेचा आणि किती वाजता ते लिहा. आणि पावसात गेलात की गळती, ओल, गच्चीवर साचणारं पाणी, रस्त्यावरचं पाणी कुठून कुठे जातं, हे सगळं पाच मिनिटांत दिसतं जे कोरड्या दिवशी रंगाखाली लपलेलं असतं.

एक छोटं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं मीटर खिशात ठेवा. घरातली आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर बुरशी धरायची शक्यता वाढते, लहान मुलं आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांना ते बाधतं. कपाटाच्या मागची भिंत, बाथरूमचं छत, खिडकीच्या चौकटीचा खालचा कोपरा, इथे हात लावून बघायचा.

एसी असेल तर त्यावरची पट्टी वाचा, किती जुना आणि आत कोणता गॅस आहे ते त्यावर असतं. आर-४१०ए गॅस हवेत गेला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २,००० पट उष्णता धरतो, आर-३२ साधारण ६७५ पट. म्हणजे गळणारा एसी दर वर्षी गॅस भरून चालवणं हे खिशालाही वाईट आणि हवेलाही वाईट, गळती आधी दुरुस्त करायची आणि मगच गॅस. जुना युनिट काढताना गॅस हवेत सोडून देणारा मेकॅनिक असेल तर त्याला काम देऊ नका, गॅस काढून सिलिंडरमध्ये भरणारा माणूस शोधा. बरं, नळ. दर सेकंदाला एक थेंब टपकला तरी दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी जातं. हे मालकाला सांगितलं की तो त्याच दिवशी वॉशर बदलतो, माझा अनुभव आहे.

सौद्याआधी सांगायचं, विचारलं नाही तरी

वही करून कपाटात ठेवली तर तिचा उपयोग शून्य. घर दाखवायला जाताना त्यातलं एक पान समोरच्याच्या हातात द्यायचं. त्यात भाडं किंवा हप्ता, अधिक मेंटेनन्स, अधिक सरासरी वीज-पाणी, अधिक रोजच्या येण्याजाण्याचा अंदाज, असा महिन्याचा एकूण खर्च लिहायचा. स्वस्त भाड्याचं लांबचं आणि तापणारं घर आणि थोडं महाग पण गार आणि बस स्टॉपजवळचं घर, यांची खरी तुलना अशीच होते, आणि बरेचदा दुसरं घर जड वाटत होतं ते हलकं निघतं.

खोट पण लिहायची. ‘वरचा मजला, दुपारनंतर तापतो, छताला अजून ऊन परतवणारा पांढरा कोट नाही’ असं सरळ. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा हात थरथरला होता, वाटलं गिऱ्हाईक जाईल. काही जातात, खरंच जातात. पण जो थांबतो तो माहिती घेऊन थांबतो, भावात त्याचा विचार करतो, नंतर फसवल्याची भावना घेऊन बसत नाही, आणि ज्यांना ते घर सोसणार नव्हतं ते दुसरं घर माझ्याकडूनच घेतात कारण त्यांना कळलेलं असतं हा माणूस लपवत नाही.

जाहिरातीतल्या शब्दांबद्दल ऑफिसमध्ये एकच नियम ठेवा. इको-फ्रेंडली, ग्रीन, नैसर्गिक, पर्यावरणपूरक यातला कुठलाही शब्द लिहायचा असेल तर त्याच्या मागे एक आकडा किंवा एक कागद पाहिजे, नसेल तर शब्द काढायचा. दोन कुंड्या आणि हिरवा रंग म्हणजे ग्रीन नव्हे. ग्रीनवॉशिंग, म्हणजे पर्यावरणाचा खोटा आव आणणं, हा शब्दच १९८६ मध्ये हॉटेलांवरून निघाला, पाहुण्यांना सांगायचे टॉवेल पुन्हा वापरा आणि पर्यावरण वाचवा, बाकी ठिकाणी मात्र वाया घालवणं तसंच चालू. आपल्या धंद्यात हे फार सहज होतं कारण ब्रोशर दुसऱ्याने बनवलेलं असतं आणि आपण फक्त पुढे फॉरवर्ड करतो. फॉरवर्ड केलं म्हणजे आपणही तेच बोललो, हे धरून चाला.

ग्रीन इमारतीच्या सर्टिफिकेटचं पण नीट बघायचं. ब्रिटनमधलं ब्रीअम १९९० मध्ये आलं, नंतर अमेरिकेतलं लीड आलं, मग एज आहे ज्यात त्याच भागातल्या नेहमीच्या इमारतीच्या तुलनेत ऊर्जा, पाणी आणि बांधकामाचा माल बनवताना निघणारा कार्बन, तिन्हीत निदान २० टक्के बचत दाखवावी लागते. आता प्रश्न विचारायचे ते असे. सर्टिफिकेट डिझाइनवर मिळालंय की बांधून झाल्यावर? पूर्ण इमारतीला आहे की फक्त कॉमन एरियाला? नंबर काय? नंबर मिळाला की संस्थेच्या यादीत बघा. आणि सर्टिफिकेट असलं तरी बिलं मागायचीच, कारण कागदावर चांगली इमारत रोजच्या वापरात नीट चालवली नाही तर जास्तच वीज खाते.

मालक आणि भाडेकरू यांच्यातली गाठ

भाड्याच्या घरात सुधारणा का होत नाहीत याचं कारण अगदी साधं आहे, खर्च मालकाने करायचा आणि बिल कमी येणार भाडेकरूचं, मग मालक कशाला करेल? आणि भाडेकरू म्हणतो मी दोन वर्षांनी जाणार, दुसऱ्याच्या घरात पैसे कशाला घालू? दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि घर मात्र वर्षानुवर्षं तसंच गळत, तापत राहतं. ही गाठ मोठी कंपनी सोडवू शकत नाही, सरकार अर्धवट सोडवतं, पण मधला माणूस सोडवू शकतो कारण दोघांशीही तोच बोलतो.

मी हे असं करतो. मालकाशी बोलताना पर्यावरणाने सुरुवात करत नाही, रिकाम्या महिन्याने करतो. घर एक महिना रिकामं राहिलं तर वर्षाच्या भाड्यातले ८ टक्क्यांहून जास्त गेले, वर रंग, साफसफाई, माझी ब्रोकरेज वेगळी. मग वहीतून दाखवायचं की मागचे दोन भाडेकरू का गेले, गरम होतं म्हणून, ओल होती म्हणून, पाण्याचं बिल जास्त यायचं म्हणून. एकदा हे त्याच्या डोळ्यासमोर आलं की छताच्या पांढऱ्या कोटचा खर्च त्याला एका रिकाम्या महिन्याशी ताडून बघता येतो, आणि निर्णय तो स्वतःच घेतो.

मग कामं क्रमाने घ्यायची, स्वस्त आणि लगेच फरक पडणारी आधी. गळती बंद करणं, दारं-खिडक्यांच्या फटी बुजवणं, जुने पिवळे बल्ब काढून एलईडी लावणं कारण ते निदान ७५ टक्के कमी वीज घेतात, नळाला एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळून पाणी कमी सोडणारी जाळी. त्यानंतर उन्हाच्या खिडकीला बाहेरून सावली, बाहेरून हे महत्त्वाचं, कारण आतला पडदा ऊन अडवतो तेव्हा उष्णता काचेतून आत आलेलीच असते, बाहेरची चटई किंवा तिरप्या पट्ट्यांचा लुव्हर ती काचेच्या बाहेरच थांबवतो. मग छत. सोलर पॅनल सगळ्यात शेवटी, लोकांना आधी तेच हवं असतं कारण ते दिसतं, पण गळक्या तापक्या घरावर पॅनल लावणं म्हणजे भोक असलेल्या बादलीला मोठा नळ जोडण्यासारखं आहे. पॅनल किती वीज देईल याची बहुतेक २५ वर्षांची वॉरंटी असते, म्हणून त्याखालचं छत तेवढी वर्षं टिकणार आहे का हे आधी बघायचं, नाहीतर मध्येच सगळं उतरवून वॉटरप्रूफिंग करायची वेळ येते.

पाऊस धरायचा विचार असेल तर हिशोब अगदी सोपा, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर १० मिलिमीटर पडला की १,००० लिटर, त्यातलं थोडं वाया जाणार, तरी टाकीची साइज ठरवायला एवढं पुरतं.

आणि हे सगळं तोंडी ठेवायचं नाही, करारात साध्या भाषेत तीन-चार ओळी घालायच्या. सुधारणा कोण करणार, खर्च कोणाचा, बिलात बचत झाली तर भाडं किती वाढणार आणि ते बचतीपेक्षा जास्त वाढणार नाही, एसीची सर्व्हिस वर्षातून कधी आणि कोण करणार, बिलं दोघांनाही दिसणार. शेवटून दुसरी दिसायला छोटी आहे पण भांडणं सगळ्यात जास्त तिथेच होतात. मालक ऐकतच नसेल तर त्याला हेही सांगा की नियम कुठे चाललेत, इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून काही सवलती सोडल्या तर ऊर्जा रेटिंग (ए सगळ्यात चांगलं, जी सगळ्यात वाईट) ई च्या खाली असलेलं घर नव्याने भाड्याने देता येत नाही. आपल्या भागात आज काय नियम आहे ते वकिलाकडून नक्की करून घ्या आणि तो कागद ऑफिसात ठेवा.

पाडायचं की दुरुस्त करायचं

इथे आपल्या मूल्यांची खरी कसोटी लागते, कारण जुनी इमारत पाडून नवीन झाली की आपल्याला विकायला जास्त घरं मिळतात आणि कमिशन मोठं. पण उभ्या इमारतीत जे सिमेंट, वीट, लोखंड घातलंय त्याचा कार्बन आधीच हवेत गेलेला आहे, ती पाडून पुन्हा बांधली की तो पुन्हा नव्याने जातो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो आणि त्यातला अर्ध्याहून जास्त भट्टीच्या इंधनाचा नसतो, चुनखडी तापवली की तिच्यातूनच तो सुटतो, म्हणजे भट्टी सोलरवर चालवली तरी तो भाग राहतोच. नवीन इमारत वापरात कितीही काटकसरी असली तरी हे सुरुवातीचं कर्ज फिटायला कित्येक वर्षं लागतात.

फ्रान्समधल्या बोर्दो शहरात ग्राँ पार्क नावाच्या वसाहतीत १९६० च्या दशकातल्या तीन इमारतींचं काम बघण्यासारखं आहे. ५३० घरं होती. आर्किटेक्ट अॅन लाकातों आणि जाँ-फिलिप व्हासाल यांनी आपल्या दोन सहकारी आर्किटेक्टांसोबत ती पाडली नाहीत, बाहेरून प्रत्येक घराला काचेची बंदिस्त गॅलरी आणि बाल्कनी जोडली, त्यामुळे जागा वाढली, उजेड वाढला, हीटिंगची गरज कमी झाली, आणि काम चालू असताना लोक आपल्याच घरात राहिले. या कामाला २०१९ चा युरोपियन युनियनचा मीस व्हॅन डर रोह पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये त्या दोघांना प्रित्झ्कर हा आर्किटेक्चरमधला मोठा पुरस्कार. मला यातलं सगळ्यात जास्त काय भावतं तर कोणालाही घर सोडून जावं लागलं नाही.

तेव्हा एखादा मालक किंवा डेव्हलपर विचारायला आला की दोन एस्टिमेट घ्यायला लावायची, एक पाडण्याचं आणि एक दुरुस्तीचं, दोन्ही स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून, ज्याचा बांधकामात काही वाटा नाही असा. इंजिनिअर म्हणाला इमारत धोकादायक आहे तर विषय संपला, तिथे जीवापुढे कार्बन नाही. पण ‘जुनी झाली’ आणि ‘धोकादायक झाली’ यात खूप अंतर आहे आणि ते आपण लोकांसमोर स्पष्ट बोललं पाहिजे.

जुन्या घरात काम काढताना दोन सावधगिरी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासला की धूळ पोरांच्या पोटात जाते. आणि जुने सिमेंटचे पत्रे, पाइप, फरशीखालचा चिकट थर यात अॅस्बेस्टॉस असू शकतो, तो तोडायचा, कापायचा, घासायचा नाही, आधी तपासणी. दारं, चौकटी, ग्रिल, फरशा चांगल्या असतील तर जपून काढायच्या, दुसऱ्या साइटवर लागतात.

गल्ली आणि माणसं

लोकल धंद्याची ताकद ही की आपण पायी फिरतो. घराभोवती पण वही करा. शहरातल्या झाडांचे अभ्यासक सेसिल कोनायनेंडाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेला ३-३०-३०० चा नियम मला फार उपयोगी पडतो, घरातून निदान ३ मोठी झाडं दिसावीत, परिसराच्या ३० टक्के भागावर झाडांची सावली असावी आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी. खिडकीत उभं राहून झाडं मोजायला दहा सेकंद लागतात. शाळा, दवाखाना, किराणा, बस हे किती मिनिटांवर ते स्वतः चालून मोजा, नकाशावरून नको, आणि म्हाताऱ्या माणसाच्या चालीने पण मोजा. पूर कुठपर्यंत येतो ते जुन्या रहिवाशांना विचारून लिहा.

आणि भाव. एखादा भाग सुधारला की भाव चढतात आणि तिथलेच लोक बाहेर फेकले जातात, यात आपलाही हात असतो कारण मालकाला ‘आता इतकं मागा’ असं सांगणारे आपणच. अमेरिकेत व्हर्माँटमधल्या बर्लिंग्टन शहरात १९८४ पासून कम्युनिटी लँड ट्रस्ट आहे, जमीन ट्रस्टची राहते, घर माणूस विकत घेतो, आणि विकताना वाढलेल्या किमतीतला ठरलेला हिस्साच त्याला मिळतो, म्हणून पुढच्या कुटुंबालाही ते घर परवडतं. एवढं मोठं आपल्याला जमणार नाही, पण भाडं वाढवताना मालकाला जुना भाडेकरू ठेवण्याचा हिशोब आधी दाखवणं जमतं. जात, धर्म, एकटी बाई, कुटुंब नाही, अशा कारणांवरून घर नाकारायला सांगणाऱ्या मालकाचं काम घ्यायचं नाही. इथे मी तडजोड ठेवलेली नाही.

स्वतःच्या ऑफिसात

वरचं सगळं स्टाफ करणार की नाही हे त्यांना पैसे कशाचे मिळतात यावर ठरतं. सौदा झाला की लगेच पूर्ण इन्सेंटिव्ह दिला तर कोणी ओल दाखवणार नाही, आणि त्यांचा दोष नाही. मी इन्सेंटिव्हचा काही भाग सहा महिन्यांनी देतो, घर घेणाऱ्याला फोन करून विचारतो की जे सांगितलं होतं तसंच निघालं का, हो म्हणाले की उरलेले पैसे त्याच दिवशी. सुरुवातीला मुलं नाराज होती, म्हणून मी एकूण रक्कम थोडी वाढवली.

मेकॅनिक, प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाले यांची यादी ठेवा आणि त्यांच्याकडून कट घेऊ नका, घेतलात तर तुमचा सल्ला कोणासाठी आहे ते तुम्हालाच कळेनासं होतं. नाकारलेल्या सौद्यांचं पण एक पान ठेवा, तारीख आणि कारण, वर्षाच्या शेवटी ते पान स्टाफसोबत बसून वाचा, कुठे आपण घसरलो ते त्यातच सापडतं.

एकदम सगळ्या घरांच्या वह्या करायला जाऊ नका, तीन घरं घ्या, त्यांची १२ महिन्यांची बिलं मिळवा, तीन फेऱ्या मारा. आणि घर दिल्यावर बरोबर वर्षाने तिथे फोन करा, नवीन बिलं मागा, उन्हाळा कसा गेला ते विचारा आणि त्याच वहीत पुढच्या पानावर लिहून ठेवा.